संगणकाने दाखविलेला चेहरा

जगातील सगळे चेहरे आपण पाहू शकतो. फक्त आपला स्वतःचा चेहरा तेवढा आपल्याला नीट दिसत नाही. आरशात दिसते ते उजवे-डावे उलटलेले प्रतिबिंब. बाजूने आपण कसे दिसतो हे घरच्या माणसांना ठाऊक असते, शेजाऱ्यांना ठाऊक असते. आपल्याला मात्र ते एखाद्या लग्नाच्या छायाचित्रात अवचित दिसते आणि पुष्कळदा आपण चकित होतो.

अशा या चेहऱ्याचे भविष्य आता संगणक सांगू लागला आहे. जबड्याची शस्त्रक्रिया करावयाची असली, म्हणजे अनेक ठिकाणी डॉक्टर रुग्णाला पडद्यावर दोन चेहरे दाखवितात. एक आजचा आणि दुसरा शस्त्रक्रियेनंतरचा. दुसरा चेहरा पाहून आई-वडिलांचे डोळे भरून येतात, आणि तेथेच होकार दिला जातो. म्हणून हे चित्र कसे तयार होते, त्यावर किती विसंबावे आणि होकार देण्यापूर्वी काय विचारावे, याची थोडी माहिती प्रत्येक घरात असावी.

प्रश्न केवळ रूपाचा नाही

काहींचा खालचा जबडा प्रमाणाबाहेर पुढे वाढतो. काहींचा तो मागे राहतो. कोणाचा वरचा जबडा आखूड असतो, तर कोणाचा इतका लांब असतो, की हसताना दातांपेक्षा हिरड्याच अधिक दिसतात. काही चेहरे एका बाजूस कललेले असतात. अशा माणसांचे वरचे व खालचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. दालपुरीचा घास पुढच्या दातांनी तोडता येत नाही. उसाचे कांडे दातांनी सोलणे तर दूरच राहिले. काहींचे उच्चार अडखळतात. ज्यांचा जबडा फार मागे असतो, त्यांच्यापैकी काहींचा श्वास झोपेत पुन्हा पुन्हा अडतो.

दातांना तारा लावून दात सरकतात. हाडे सरकत नाहीत. हाडांचेच प्रमाण फार चुकले असेल, तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. ही शस्त्रक्रिया बहुधा वाढ पूर्ण झाल्यावर करतात. मुलींच्या बाबतीत साधारण 16-17 वर्षांनंतर आणि मुलांच्या बाबतीत 18 वर्षांनंतर, कधी त्याहूनही उशिरा. आधी वर्ष-दीड वर्ष तारा, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा काही महिने तारा, असा हा लांबचा प्रवास आहे. नेमके हेच वय लग्नाच्या बोलण्यांचे, नोकरीच्या मुलाखतींचे. त्यामुळे दातांचा प्रश्न बाजूला राहतो आणि घरात चर्चा होते ती चेहऱ्याची.

जबड्याची ठेवण पुष्कळदा वंशपरंपरेने येते. युरोपातील हॅब्सबर्ग राजघराण्याचा पुढे आलेला खालचा जबडा प्रसिद्धच आहे. सम्राट पाचवा चार्ल्स (1500-1558) याच्या तैलचित्रात तो दिसतो, आणि स्पेनचा दुसरा चार्ल्स (1661-1700) याच्या चित्रातही दिसतो. आपल्याकडे तैलचित्रे नाहीत. पण मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या संग्रहात शर्तबंद मजुरांच्या नोंदींबरोबर त्यांची छायाचित्रे जपलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून या बेटावर आलेल्या माणसांनी बरोबर फारसे काही आणले नाही. चेहरा मात्र आणला. पणतीची हनुवटी पणजोबांसारखी आहे असे कोणी म्हटले, म्हणजे घरात सर्वांना आनंद होतो. तीच हनुवटी बदलण्याचा विचार सुरू झाला, की तो निर्णय एकट्या मुलीचा राहत नाही. सारे घर त्यात उतरते.

करवतीपासून क्ष-किरणांपर्यंत

ही विद्या नवी नाही. 1849 मध्ये अमेरिकेतील व्हीलिंग या गावी सायमन हलिहेन या शल्यविशारदाने लहानपणी भाजलेल्या एका तरुणीचा जबडा कापून मागे घेतला. मानेवरील भाजल्याच्या व्रणाने तिचा जबडा खाली व पुढे ओढला गेला होता. 1901 मध्ये रने ल फोर या फ्रेंच शल्यविशारदाने मृतदेहांच्या कवट्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर दुभंगतात, ते शोधून काढले. त्यांतील सर्वांत खालची रेषा आज वरचा जबडा मोकळा करण्यासाठी वापरली जाते. अपघाताचा अभ्यास उपचाराच्या कामी आला, तो असा.

पुढे 1950 च्या दशकात ऑस्ट्रियातील ह्यूगो ओब्वेगेसर यांनी खालचा जबडा त्याच्या जाडीतून उभा चिरण्याची रीत घालून दिली. काड्यापेटीची आतली पेटी जशी बाहेरच्या वेष्टनात पुढे-मागे सरकते, तसे हाडाचे दोन थर एकमेकांवर सरकवता येतात आणि हाडाला हाड लागून राहिल्यामुळे ते चांगले जुळून येते. हे सारे काम तोंडाच्या आतून होते, म्हणून चेहऱ्यावर सहसा व्रण राहत नाही. 1970 च्या सुमारास त्यांनी दोन्ही जबडे एकाच वेळी हलविण्याची शस्त्रक्रियाही करून दाखविली.

शस्त्रक्रिया जमली, पण चेहरा कसा दिसेल हे आधी कसे सांगावे? त्यासाठी 1931 मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट व जर्मनीत होफ्राट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, डोके एका चौकटीत स्थिर धरून ठराविक अंतरावरून क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत मांडली. या चित्रावर पारदर्शक कागद ठेवून हाडांच्या रेषा गिरवीत. जबड्याचा तुकडा कात्रीने कापून हव्या त्या जागी सरकवीत. मग अनुभवाच्या प्रमाणांवरून ओठ व हनुवटी यांची नवी रेषा पेन्सिलीने काढीत. दुसरीकडे दातांचे प्लास्टरचे साचे करवतीने कापून, मेणाने चिकटवून जुळवीत. कित्येक दशके जगभर हे काम अशाच रीतीने चालले. त्यात एक मोठी उणीव होती. कागदावर फक्त बाजूचा चेहरा येई. समोरून कलणारा चेहरा, रुंदावणारे नाक, गालाचा भरीवपणा यांपैकी काहीच त्या रेषेत दिसत नसे.

पडद्यावर काय घडते

1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमधील एका रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सिटी स्कॅन घेतले. या शोधासाठी त्यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह 1979 चे नोबेल पारितोषिक मिळाले. या यंत्रामुळे कवटी थराथरांनी पाहता येऊ लागली आणि संगणकात तिची घन आकृती उभी करता येऊ लागली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस दंतवैद्यकासाठी लहान व कमी किरणे वापरणारी वेगळी यंत्रे आली, आणि हे तंत्र मोठ्या रुग्णालयांबाहेरही पसरले.

आज कामाचा क्रम साधारण असा असतो. प्रथम कवटीचे स्कॅन. दातांवर धातू असला, तर स्कॅनमध्ये दात अस्पष्ट दिसतात. म्हणून तोंडात छोटा कॅमेरा फिरवून दातांचे वेगळे चित्र घेतात. चेहऱ्याच्या त्वचेचे घन छायाचित्रही घेतात. ही तिन्ही चित्रे संगणकात एकमेकांवर अचूक बसवितात. मग शल्यविशारद व तंत्रज्ञ पडद्यावरच जबडा कापतात. वरचा जबडा 4 मिलिमीटर पुढे, मागचा भाग 2 मिलिमीटर वर, मधली रेषा 1 मिलिमीटर डावीकडे, असे आकडे देऊन तो हलवितात. दात कसे बसतात, हाडे कोठे आदळतात, फट कोठे राहते, हे सारे सुरी हातात घेण्यापूर्वीच कळते.

आणि योजना पडद्यावरच थांबत नाही. तिच्यावरून दातांवर बसणारे पातळ साचे छापयंत्रातून घन स्वरूपात काढतात. दोन्ही जबडे कापावयाचे असतील, तर एक मधला साचा व एक अखेरचा साचा लागतो. शस्त्रक्रियेत जबडा त्या साच्यात बसला, की तो योजनेतल्या जागी आला असे समजतात. काही ठिकाणी हाड कापण्याचे मार्गदर्शक तुकडे व त्या रुग्णापुरत्या घडविलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्याही बनवितात. अनुभवी हातांत हाडे बहुधा ठरविलेल्या जागेपासून एक-दोन मिलिमीटरांच्या आत बसतात. ही या तंत्राची खरी आणि मोठी कमाई आहे. चेहऱ्याचे सुंदर चित्र ही त्यानंतरची गोष्ट.

हाड ऐकते, ओठ ऐकत नाहीत

हाड हलले, की त्यावरील मांस व त्वचा हलते. पण सगळीकडे सारखी नाही. हनुवटीची त्वचा हाडाला घट्ट धरून असते. हाड 5 मिलिमीटर हलले, तर त्वचाही जवळजवळ तितकीच हलते. उशीला चढविलेल्या घट्ट अभ्र्यासारखे हे आहे. ओठ मात्र दारावरच्या पडद्यासारखे सैल असतात. वरचा जबडा पुढे आणला, तर वरचा ओठ त्याच्या निम्म्याइतका किंवा काहीसा अधिकच पुढे येतो. किती, ते ओठाच्या जाडीवर, स्नायूंच्या ताणावर आणि दातांचा आधार किती यांवर ठरते. त्याचबरोबर नाकपुड्या रुंदावतात व नाकाचे टोक किंचित वर उचलते. हे रुंदावणे रोखण्यासाठी शल्यविशारद नाकाच्या तळाशी आतून एक टाका घालतात. तो टाका हाताने किती ओढला जाईल, हे संगणकाला कसे कळणार?

यासाठी संगणकात निरनिराळ्या रीती वापरतात. सर्वांत सोपी म्हणजे ठरलेली प्रमाणे: हाड इतके, तर त्वचा इतकी. दुसरीत चेहऱ्याच्या मांसाचे हजारो लहान ठोकळे कल्पून, प्रत्येकाला लवचिकपणाचा आकडा देऊन, हाड हलल्यावर प्रत्येक ठोकळा किती ताणला जाईल याचे गणित करतात. अलीकडे पूर्वीच्या रुग्णांचे आधीचे व नंतरचे चेहरे यंत्राला दाखवून त्यावरून शिकविण्याचेही प्रयत्न चालू आहेत. गणित सुधारत आहे, यात शंका नाही. पण ज्या क्षणी स्कॅन घेतले, त्या क्षणी रुग्णाने ओठ ओढून मिटले होते की सैल सोडले होते, एवढ्या एका गोष्टीनेही उत्तर बदलते. ज्यांचे ओठ सहज मिटत नाहीत, ते सवयीने हनुवटी आवळून तोंड मिटतात. संगणक तोच आवळलेला चेहरा खरा धरून पुढचा हिशेब करतो.

अचूकतेच्या आकड्यांबद्दलही सावध असावे. संशोधक बहुधा 2 मिलिमीटर ही चालण्याजोगी चूक मानतात, आणि सगळ्या चेहऱ्याची सरासरी काढली, तर ती पुष्कळदा यापेक्षा कमी भरते. परंतु त्या सरासरीत कधी कधी कपाळ व डोळ्यांभोवतीचा भागही मोजलेला असतो. ते भाग हललेलेच नसतात! जे हलले, त्यांत ओठ व नाकाखालचा भाग यांची चूक अधिक असते. आणि बोलताना माणसाची नजर नेमकी तेथेच जाते.

चांगला चेहरा कोणाचा?

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पडद्यावर चेहऱ्याशेजारी काही आकडे येतात, आणि ते तांबड्या रंगात दिसले, की घरची मंडळी घाबरतात. हे प्रमाण आकडे आले कोठून? क्ष-किरण चित्रांवरून चेहरा मोजण्याच्या सुरुवातीच्या पद्धतींपैकी एक 1948 मध्ये अमेरिकेतील विल्यम डाउन्स यांनी मांडली. त्यासाठी त्यांनी उत्तम दात असलेल्या 20 गोऱ्या मुलामुलींची चित्रे मोजली होती. त्यांनी फसविले असे नाही. त्यांच्यासमोर जी मुले होती, ती त्यांनी मोजली. पण नंतर तसलेच आकडे सर्व जगाचे माप ठरले. पुढे अनेक देशांत, भारतातही, वेगळी मोजमापे झाली. त्यांपैकी पुष्कळांत भारतीय ओठ गोऱ्या मापापेक्षा थोडे पुढे व भरीव आढळले.

आपल्या बेटावर तर कोकणातून, बिहारातून, दक्षिण भारतातून, आफ्रिकेतून, चीनमधून आणि युरोपातून आलेल्यांचे चेहरे एकाच बाकावर शाळा शिकतात. येथे एकच माप लावून कोणाच्या चेहऱ्याला चूक ठरविणे बरे नव्हे. दात नीट बसावेत, श्वास मोकळा चालावा, चेहऱ्याच्या दोन बाजू जुळाव्यात, ही उद्दिष्टे कोणालाही लागू पडतात. ओठ किती पुढे असावेत, हा मात्र ज्याच्या त्याच्या घराचा आणि ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे.

वादळाच्या नकाशासारखे

समुद्रात वादळ उठले, म्हणजे वाक्वा येथील हवामान खाते त्याचा मार्ग सांगते. ते वादळ अमुक गावावरूनच जाईल, असे आपण कधी समजत नाही. आपल्याला माहीत असते, की मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना शक्यतेचा पट्टा असतो, आणि दिवस जितके लांबचे, तितका तो पट्टा रुंद. तरीसुद्धा आपण त्या अंदाजाची किंमत कमी करीत नाही. खिडक्या बांधतो, पाणी भरून ठेवतो.

संगणकातील चेहराही असाच अंदाज आहे. फरक एवढाच, की त्याला पट्टा नसतो. पडद्यावर येतो तो एकच चेहरा, स्पष्ट, उजळ, केसासकट. छायाचित्रासारखा दिसतो म्हणून मन त्याला छायाचित्र समजते, आणि छायाचित्र तर घडून गेलेल्या गोष्टीचे असते. अपेक्षाभंगाचे मूळ पुष्कळदा येथे असते. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते, दात छान बसलेले असतात, तरी रुग्ण आरशासमोर उभा राहून पडद्यावरचा तो चेहरा शोधत राहतो.

शिवाय त्या चित्रात पुष्कळ गोष्टी नसतातच. पहिल्या आठवड्यांतील सूज त्यात नसते. ती बरीचशी काही आठवड्यांत ओसरली, तरी उरलेली पूर्ण जाण्यास सहा महिने ते वर्ष लागू शकते. खालच्या ओठाचा बधिरपणा त्यात नसतो. खालच्या जबड्याच्या हाडातून ओठाला व हनुवटीला स्पर्श कळविणारी शीर जाते. ती शस्त्रक्रियेत दुखावते, आणि बधिरपणा काही आठवडे किंवा महिने टिकतो. काहींच्या बाबतीत तो थोडाफार कायम राहतो. हाड फार दूर हलविले, तर ते काही अंशी मागे सरकू शकते, हेही चित्र सांगत नाही. आणि चित्र हसत नाही, बोलत नाही, चावत नाही. माणसाला आपला चेहरा आपला वाटतो, तो या हालचालींमुळे.

मग हे चित्र दाखवूच नये काय? तसे मुळीच नाही. चित्र समोर असले, की रुग्णाला आपल्या मनातले बोट ठेवून सांगता येते: “माझे नाक एवढे रुंद झालेले मला नको.” “हनुवटी थोडी आमच्या वळणाची राहू द्या.” नुसत्या शब्दांत हे सांगणे फार कठीण असते. डॉक्टरांनाही दोन-तीन योजना शेजारी ठेवून, एकीत दात उत्तम व दुसरीत नाक ठीक, असा हिशेब उलगडून दाखविता येतो. वचन म्हणून पाहिले, तर हे चित्र फसवे ठरते; बोलण्याचे साधन म्हणून पाहिले, तर त्यासारखे दुसरे साधन नाही.

होकार देण्यापूर्वी

उपचार आपल्या बेटावर घ्या, रियुनियनला घ्या, नाहीतर भारतात घ्या, काही प्रश्न सर्वत्र विचारता येतात. ते विचारण्यात उद्धटपणा नाही, आणि चांगल्या डॉक्टरांना ते आवडतातच.

पहिला प्रश्न: या चित्रातील कोणत्या भागाबद्दल आपल्याला खात्री आहे आणि कोणत्या भागाबद्दल नाही? दुसरा: आपण यापूर्वी ज्यांची अशी शस्त्रक्रिया केली, त्यांची आधीची, संगणकातील आणि एक वर्षानंतरची, अशी तिन्ही चित्रे त्यांच्या संमतीने दाखवू शकाल काय? तिसरा: हे चित्र काढताना ओठ सैल होते का? चौथा: शेजारचे आकडे कोणत्या लोकांच्या मोजमापांवरून घेतले आहेत? पाचवा: ओठ बधिर राहण्याची शक्यता माझ्या बाबतीत किती? सहावा: शस्त्रक्रिया केलीच नाही, तर खाण्याचे, श्वासाचे व दातांचे काय होईल?

सातवा प्रश्न डॉक्टरांना विचारावयाचा नाही. तो घरातील मोठ्यांनी मुलाला किंवा मुलीला, काकू-मावशी व पाहुणे नसताना, विचारावयाचा आहे: हे तुला स्वतःला हवे आहे का? त्याचे उत्तर लगेच आले नाही, तर थांबावे. हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर जबड्याला बहुधा घाई नसते. वर्षभराने विचार केला, तरी शस्त्रक्रिया तशीच करता येते. एकदा कापलेले हाड मात्र पूर्वीसारखे करणे सोपे नाही.

आणि होकार दिलाच, तर त्या चित्राची एक प्रत मागून घ्यावी, तिच्यावर तारीख घालावी आणि ती कपाटात ठेवून द्यावी. सूज असताना ती काढून पाहू नये. वर्ष झाले, ओठ सैल पडले, दात स्थिरावले, म्हणजे ती बाहेर काढावी आणि घरातल्यांना नव्हे, डॉक्टरांना नेऊन दाखवावी. कोठे जुळले, कोठे चुकले, हे त्यांनी पाहिले, तर पुढच्या रुग्णाला दाखविलेला चेहरा खऱ्याच्या थोडा अधिक जवळ जाईल.